जुन्या ट्रॅक्टरचा ताप

मनुष्यास ताप आला म्हणजे सुज्ञ वैद्य प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, पथ्यापथ्याची चौकशी करतो, आणि मगच औषधाचा विचार करतो. ताप हा स्वतः रोग नसून आत दडलेल्या रोगाचे ते लक्षण आहे, हे त्यास ठाऊक असते. परंतु आपल्या दारातील ट्रॅक्टरास ताप आला म्हणजे हा विवेक आपण पार सोडून देतो. कोणी म्हणतो, ऊन फार आहे. कोणी म्हणतो, यंत्र म्हातारे झाले. कोणी पाण्याची बादली आणून ओततो. आणि शेवटी मिस्त्री येऊन, एंजिन खोलल्यावाचून गत्यंतर नाही, असा निर्णय देतो. ह्या निर्णयापायी आपल्या भागातील कित्येक कुटुंबांचा एका हंगामाचा नफा बुडाला आहे, व कित्येकांनी चांगली यंत्रे मातीमोल किमतीस विकून नव्या ट्रॅक्टरचे कर्ज डोक्यावर घेतले आहे. म्हणून हा विषय आपल्या सभासदांपुढे विस्ताराने मांडावा असे वाटते.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. चाकूर तालुक्यात व एकंदर लातूर-नांदेडच्या पठारावर जुना ट्रॅक्टर तापतो तो बहुतेक वेळा वयामुळे नव्हे आणि उन्हामुळेही नव्हे. तो तापतो आपण त्यास पाजलेल्या पाण्यामुळे, त्याच्या तोंडावर साचू दिलेल्या भुसकटामुळे, आणि पाच रुपयांची परीक्षा न करता पन्नास हजारांचा उपचार करण्याच्या आपल्या सवयीमुळे.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या खर्चाने घेतला आहे, तेव्हा तो सांगण्यास संकोच नाही. घरचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा व पंचवीस वर्षांहून अधिक जुना. तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात सोयाबीनच्या खळ्यावर हडंबा जोडला असता तासाभरात काटा तांबड्या खुणेस जाऊन भिडू लागला. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. मग हेडचे गॅस्केट बदलले. त्यानेही गुण आला नाही. शेवटी, बोअर-पिस्टनसह सारे एंजिन नव्याने बांधावे लागेल, असा अंदाज हाती पडला. घरात तर ट्रॅक्टर विकण्याचीच भाषा सुरू झाली. अशा वेळी एस.टी.च्या आगारात जन्म घालविलेले एक वृद्ध नातलग सहज भेटीस आले. त्यांनी एंजिन बंद करवून, काही वेळाने रेडिएटरच्या जाळीवर वरून खालपर्यंत तळहात फिरविला, आणि म्हणाले, “अहो, एंजिन कशाला उघडता? हे वर चटके देते आहे आणि खाली निम्मी जाळी गार लागते आहे. पाणी उतरतच नाही, तर ते निवणार कोठून?” रेडिएटर खाली उतरवून पाण्याने भरला व खालचे तोंड मोकळे केले, तेव्हा जेथून लोट वाहावयास हवा तेथून करंगळीएवढी धार आली. वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरविली तेव्हा पसाभर पांढरी पापडी बाहेर पडली. त्या कामास आलेला खर्च एंजिन बांधण्याच्या अंदाजाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी होता. तो ट्रॅक्टर आजही रब्बीची पेरणी करतो आहे.

ही पापडी कोठून आली हे समजण्यासाठी एंजिनाच्या आतील व्यवहार थोडा ध्यानी घेतला पाहिजे. आपण जे डिझेल जाळतो त्याच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागच कामास लागतो. तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्यापैकी बहुतेक भाग एंजिनाच्या भिंतींतून पाण्यास सोपवावा लागतो. विहिरीवरच्या जुन्या एंजिनात ही व्यवस्था सरळ होती: विहिरीचे थंड पाणी एका नळीने आत येई, एंजिनाची उष्णता घेई व कोमट होऊन पाटात निघून जाई. ट्रॅक्टरास विहीर बरोबर नेता येत नाही. सबब तेच दहाबारा लिटर पाणी पुनःपुन्हा फिरवावे लागते. पंप ते एंजिनात ढकलतो, तेथे ते तापते, वरच्या नळीने रेडिएटरात येते, बारीक चपट्या नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते, आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. ह्या फेऱ्यात कोठेही अडथळा आला की उष्णता साठू लागते. पाणी, पंप, नळ्या, थर्मोस्टॅट, वारा व टोपण ह्या सहांपैकी कोणता गडी चुकतो आहे ते शोधून काढणे एवढेच निदान होय.

आता उन्हाचा आरोप पाहू. वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ट्रॅक्टर तापणारच, असे सर्रास म्हटले जाते. परंतु मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची जी परीक्षा होते, तिच्यात ४३ अंशांच्या आसपास तापविलेल्या हवेत एंजिन पूर्ण भारावर चालवून पाहण्याचाही भाग असतो. म्हणजे आपल्या वैशाखाची कल्पना यंत्रशास्त्रज्ञांस आधीपासून आहे, आणि त्या उन्हात टिकेल अशीच शीतनव्यवस्था धडधाकट ट्रॅक्टरास दिलेली असते. ऊन हे दुखणे उघडे पाडते. ते दुखणे उत्पन्न करीत नाही. जो ट्रॅक्टर पौषात तापत नाही व वैशाखात तापतो, त्याच्या रेडिएटरची निम्मी शक्ती पौषातही गेलेलीच असते. थंडीने ती झाकली होती इतकेच.

वयाच्या आरोपाचेही तसेच. आपल्या गावोगावी साठ-सत्तरच्या दशकांतील घडणीची यंत्रे अद्याप औत ओढताना दिसतात. पिंजोर येथे १९७१ पासून ट्रॅक्टर बनविणाऱ्या एच.एम.टी.चा तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तरी त्याचे ट्रॅक्टर शिवारात चालूच आहेत. बिडाचे ठोकळे व पितळ-तांब्याचे रेडिएटर असलेली ही जुनी यंत्रे दुरुस्तीस उलट सोपी असतात. पितळी रेडिएटर उघडता येतो, झाळता येतो, आतून साफ करता येतो. तेव्हा वय हे निमित्त ठरवून स्वस्थ बसणे योग्य नाही.

खरा अपराधी पाणी होय. आपल्या घरी न्हाणीतला तांब्याचा बंब प्रत्येकाने पाहिला असेल. बोअरचे पाणी वर्षभर तापविले की बंबाच्या आत पांढरी खापरी जमते, पाणी तापण्यास वेळ लागू लागतो व जळण अधिक लागते. ट्रॅक्टरच्या पोटात हेच घडते, पण ते दिसत नाही. काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरलेले पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. विहिरी आटल्या, विंधन विहिरी शेकडो फूट खाली गेल्या, आणि हे खोलवरचे पाणी बहुधा अधिकच जड निघाले. पाणी तापले की त्यातील चुना वेगळा होऊन सर्वांत तप्त जागी, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीस व हेडमध्ये चिकटतो. सुटलेली पापडी वाहत जाऊन रेडिएटरच्या नळ्यांत अडकते. हा थर उष्णतेस मोठा अडसर करतो. एक मिलिमीटर जाडीची खापरी ही सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या बिडाच्या भिंतीइतका अडथळा करते असे समजावे.

येथे एक हिशेब सर्वांनी करून पाहण्याजोगा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने जडपणाची इष्ट मर्यादा लिटरास २०० मिलिग्रॅम व, दुसरा पुरवठा नसल्यास, कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम ठरविली आहे. समजा आपल्या बोअरचे पाणी ह्या कमाल मर्यादेवर आहे, म्हणजे पिण्यास अद्याप चालेल असे आहे. ट्रॅक्टर रोज एक लिटर पाणी वाफेने गमावतो व आपण रोज एक लिटर भरतो. वाफ शुद्ध निघून जाते. क्षार मागे राहतात. कामाच्या २०० दिवसांत २०० लिटर पाण्याबरोबर १२० ग्रॅम, म्हणजे सुमारे दहा तोळे क्षार आपण एंजिनाच्या पोटात घातले. ह्यातील सारेच चिकटत नाहीत हे खरे. पण दहा तोळ्यांपैकी निम्मे चिकटले तरी त्या सुतळीएवढ्या नळ्यांची काय दशा होईल? तेव्हा “रोज थोडे पाणी लागते, त्यात काय मोठेसे” ही समजूत फार घातक आहे. निरोगी ट्रॅक्टरास रोज पाणी लागत नाही. पाणी कमी होते म्हणजे कोठे तरी गळती आहे, टोपण दाब धरीत नाही, किंवा एंजिन उकळते आहे. रोजची बादली हा उपाय नव्हे. ती रोगास दिलेली खुराक आहे.

दुसरा अपराधी भुसकट. सोयाबीन, हरभरा व तूर मळताना ट्रॅक्टर एका जागी तासन् तास उभा असतो, आणि हडंब्यातून उडालेला भुसा पंखा आपल्याकडे ओढून रेडिएटरच्या जाळीत भरीत राहतो. त्यावर डिझेल-तेलाचा ओशटपणा बसला म्हणजे चिखलाचे लिंपणच तयार होते. मग पंखा कितीही फिरो, वारा आरपार जातच नाही. म्हणून हडंबा लावताना वाऱ्याची दिशा पाहून ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या बाजूस राहील असे करावे. दुपारी एकदा एंजिन बंद करून जाळी झाडावी. धुताना पाणी एंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे भुसा ज्या दिशेने आत आला तिच्या उलट, हलक्या धारेने मारावे. पुढून जोराची धार मारल्यास भुसा अधिक खोल रुततो व पाते वाकतात. ओशट जाळीस आधी साबणाचे पाणी लावून थोडा वेळ मुरू द्यावे.

आता निदानाचा क्रम. आमचे म्हणणे एवढेच की स्वस्त परीक्षा आधी व महाग परीक्षा मागाहून, हा नियम मिस्त्रीने मोडू पाहिला तरी मालकाने मोडू देऊ नये.

सर्वांत आधी, काटा खरे बोलतो आहे काय ते पाहावे. जुन्या ट्रॅक्टरचे काटे वारंवार बिघडतात. एंजिन थंड असताना टोपण उघडून उष्णतामापक वरच्या टाकीतल्या पाण्यात सोडावा, मग एंजिन सुरू करून काट्याशी ताळा घ्यावा. हल्ली दुरूनच उष्णता सांगणारी बंदुकीच्या आकाराची मापके मिळतात. त्यांनी थर्मोस्टॅटच्या घरावर व वरच्या-खालच्या नळीवर नेम धरून क्षणात उत्तर मिळते. काटाच खोटा निघाल्यास पुढचा सारा खटाटोप वाचतो.

नंतर, ट्रॅक्टर केव्हा तापतो हे नीट आठवावे, कारण निम्मे निदान ह्या एका प्रश्नात आहे. सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापत असेल तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकला आहे, किंवा हेडच्या गॅस्केटमधून जळता वायू पाण्यात शिरतो आहे. भार नसताना नुसते उभे राहून तापत असेल तर पंखा, पट्टा व पंप ह्यांच्याकडे पाहावे. पट्टा दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा. त्याहून ढिला असल्यास तो घसरतो. दुरुस्तीनंतर पंखा उलटा बसविला गेल्याचीही उदाहरणे घडतात. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणी काढून टाकले असल्यास ते परत बसवावे. त्याच्यावाचून वारा जाळीतून न येता बाजूनेच फिरतो. मोकळे असता बरे चालते पण नांगर किंवा रोटाव्हेटर लावताच तापते, असे असेल तर बहुधा रेडिएटर आतून अथवा बाहेरून चोंदला आहे. एंजिनाची गती वाढविताच खालची रबरी नळी चपटी होऊन आत ओढली जात असेल तर पंपास खालून पुरेसे पाणी मिळत नाही, ही त्याच दुखण्याची आणखी एक खूण.

चोंदलेल्या रेडिएटरची हाताने करावयाची परीक्षा वर सांगितलीच आहे. एंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर व चटका सोसेल इतके निवल्यावर जाळीवर तळहात फिरवावा. उष्णता वरून खाली क्रमाने कमी होत जावी. मध्येच गार पट्टे लागल्यास त्या नळ्या मेल्या असे समजावे. पंपाखालच्या लहान छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने लोंबता सोडावा व पाणी तापवीत जावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा ७१ ते ८२ अंशांच्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे. ह्या परीक्षेस चहाच्या आधणाइतकाच वेळ लागतो.

टोपणास तर कोणी विचारीतच नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांत टोपणाच्या स्प्रिंगने पाणी दाबाखाली राहते व त्यामुळे ते उशिरा उकळते. आपले पठार समुद्रसपाटीपासून पाचसहाशे मीटर उंच असल्याने उघडे पाणी येथे १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांसच उकळते. सात पौंडांचा दाब धरणारे टोपण ही मर्यादा ११० अंशांच्या आसपास नेऊन ठेवते. टोपणाचे रबर झिजले किंवा त्याऐवजी कापडाचा बोळा बसविला, की ही बारा अंशांची सवलत आपण फुकट गमावली.

एवढे सारे निर्दोष निघाल्यावरच एंजिनाच्या आत संशय न्यावा. त्याच्याही खुणा स्पष्ट असतात. थंड एंजिनाचा रेडिएटर काठोकाठ भरून, टोपण न लावता एंजिन चालविले असता पाण्यात सतत बुडबुडे उठत राहणे. तेलाच्या सळईवर दुधासारखा पांढरट फेस दिसणे. धुरात पांढरी वाफ येत राहणे. ह्या खुणा असल्यास गॅस्केट गेले आहे किंवा हेडला चीर आहे, आणि तेथे मात्र खर्च करण्यास कचरू नये. ह्या खुणा नसता जो मिस्त्री हेड उतरविण्यास सांगतो, त्याला त्याचे कारण विचारण्याचा मालकास पूर्ण अधिकार आहे.

ह्या जोडीने आणखी एका रिवाजाचा निषेध करावासा वाटतो. शक्ती वाढावी म्हणून डिझेल पंप “वाढवून” घेण्याची चाल पडली आहे. जास्त डिझेल जळते तशी जास्त उष्णता निघते, आणि ती वाहून नेणारा रेडिएटर मात्र पूर्वीचाच राहतो. भारात काळा धूर ओकणारा ट्रॅक्टर तापला तर नवल नाही. काळ्या जमिनीची खोल नांगरट उन्हाने विटेसारखी कडक झाल्यावर, उंच गिअरमध्ये, दुपारी बारा वाजता करण्याचा हट्टही तसाच. ते काम पहाटे व सायंकाळी करावे. मनुष्य व यंत्र दोघांसही ते मानवते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे, कारण हा उपचार आपल्या भागात जवळजवळ शास्त्र होऊन बसला आहे. “आपल्याकडे थंडी कोठे आहे? मग हे झडप हवे कशास?” असा युक्तिवाद केला जातो. परंतु थर्मोस्टॅट थंडीसाठी नसून एंजिनास त्याच्या योग्य उष्णतेवर लवकर आणून तेथे राखण्यासाठी आहे. गार एंजिनात डिझेल पुरते जळत नाही. न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली तेलात मिसळतो, तेल पातळ होते व बोअर वेगाने झिजते. शिवाय कित्येक एंजिनांत तापल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी पंपाकडे परत जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, बरेचसे पाणी रेडिएटरास न भेटताच परत फिरते, आणि जे टाळावयाचे तेच भारात अधिक होते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा. काढून टाकू नये.

आता उपाय. चोंदलेला पितळी रेडिएटर जाणत्या कारागिराकडून उघडून सळईने साफ करून घेणे उत्तम. थर पातळ असेल तर लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावाने शीतनव्यवस्था धुता येते. मात्र द्राव फार वेळ ठेवू नये, नंतर साध्या पाण्याने दोनतीनदा धुवावे, आणि खापरीनेच बुजलेली जुनी छिद्रे उघडी पडतील ह्याची मनाची तयारी ठेवावी. संडास धुण्याचे तीव्र आम्ल कोणी सुचविल्यास ऐकू नये. ते खापरीबरोबर धातूही खाते. स्वच्छ झाल्यावर मऊ पाणी व त्यात डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावे. नुसते मऊ पाणी लोखंडास गंज आणते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्य तो थांबविते, आणि पाणी उशिरा उकळते हा वेगळा लाभ. हा द्राव गोडसर पण विषारी असतो, म्हणून सांडलेला वा काढलेला कूलंट मुले व गुरे ह्यांच्या तोंडी लागणार नाही अशी काळजी घ्यावी.

ह्यावर आक्षेप येईल की ज्या जिल्ह्यास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे ट्रॅक्टरास मऊ पाणी कोठून पाजावे? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर आपल्या घराच्या पत्र्यावरच आहे. पावसाचे पाणी क्षाररहित असते. दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी मिळते. पहिल्या सरीने पत्रा धुऊन जाऊ द्यावा, पुढचे पाणी दोन झाकणबंद कॅनांत भरून ठेवावे. गळती नसलेल्या ट्रॅक्टरास वर्षभर ह्यापेक्षा अधिक लागत नाही. कूलंट महाग पडतो हा दुसरा आक्षेप. त्याची किंमत नव्या गॅस्केटशी व एंजिन बांधणीच्या अंदाजाशी ताडून पाहावी, म्हणजे तो महाग आहे की नाही हे आपोआप कळेल.

दोन धोके सांगितल्यावाचून लेख पुरा होत नाही. उकळत्या रेडिएटरचे टोपण उघडू नये. दाब सुटताच वाफ व पाणी तोंडावर उसळून कायमची इजा होते. ट्रॅक्टर तापल्यास प्रथम भार काढावा. पाणी शिल्लक असेल तर एंजिन मंद गतीने थोडा वेळ चालू द्यावे, नसेल तर लगेच बंद करावे, आणि अर्धापाऊण तास निवू द्यावे. दुसरे, रिकाम्या तप्त एंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. तापलेले बीड अशाने तडकते, आणि मग एंजिन खरोखरीच मरते. खळ्यावर घाई असते, पावसाचे ढग आलेले असतात, हडंब्याचे भाडे तासावर चालू असते, हे आम्ही जाणतो. पण त्या अर्ध्या तासाची बचत फार महाग पडते.

शेवटी आपल्या संस्थेस एक सूचना. प्रत्येक सभासदाने साधने विकत घेणे शक्य नाही, जरूरही नाही. परंतु संस्थेने एक उष्णतामापक, रेडिएटर व टोपण ह्यांचा दाब तपासण्याचा लहान पंप, व पाण्याचा जडपणा मोजण्याची साधी पेटी घेऊन ठेवावी, आणि ज्यास हवी त्यास एका दिवसापुरती द्यावी. चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ, चापोली ह्या बाजूंच्या सभासदांनी आपापल्या बोअरच्या पाण्याचा जडपणा एकदा मोजून वहीत नोंदवावा, म्हणजे कोणते पाणी यंत्रास अजिबात देऊ नये हे सर्वांस कळेल. दरसाल मृगापूर्वी व मळणीपूर्वी असे दोन दिवस ठरवून ट्रॅक्टरांचे रेडिएटर सामुदायिकपणे तपासावे. ह्यात गावातील तरुण मिस्त्र्यांसही बोलवावे. त्यांच्याशी आमचे वैर नाही. मालक जाणता असला की मिस्त्रीही नेमके काम करतो, आणि जाणत्या मालकाच्या कामात त्याची कीर्तीच वाढते.

बैल दमला की आपण त्याच्या तोंडावर चाबूक मारीत नाही. त्याचे जू उतरवितो, खूर पाहतो, खांदा पाहतो, पाणी दाखवितो, आणि ते पाणीही गढूळ नसेल ह्याची खात्री करून घेतो. ट्रॅक्टर मुका आहे तसाच तोही मुका होता, आणि त्याची भाषा आपण शिकलो होतो. ही नवी भाषा त्याहून कठीण नाही. काटा तांबड्या खुणेकडे सरकला की ती हाक समजावी, आणि पाना हाती घेण्यापूर्वी तळहाताने, डोळ्यांनी व थोड्या धीराने विचारपूस करावी. एवढे केले तर आपल्या गोठ्याशेजारची पुष्कळ जुनी यंत्रे पुढच्या पिढीचीही पेरणी करतील ह्यात आम्हांस संशय वाटत नाही.